तान्ह्या बाळाचा श्वास जपूया: पाहुणे, पावसाळा आणि पहिले चाळीस दिवस

जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूहून एक बातमी आली. तिथल्या एका रुग्णालयात दोन तान्ह्या बाळांना 'एचएमपीव्ही' नावाच्या विषाणूचा संसर्ग झाला होता. एक बाळ तीन महिन्यांचं, दुसरं आठ महिन्यांचं. झालं, आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर 'नवा कोरोना आला' म्हणून एकच धुमाकूळ सुरू झाला. प्रत्यक्षात तो विषाणू नवा नव्हता. २००१ मध्येच नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी तो ओळखला होता आणि त्याआधीही तो माणसांत फिरतच होता. त्या दोन बाळांनी परदेश प्रवासही केलेला नव्हता. काही आठवड्यांत भीती ओसरली आणि सगळे विसरून गेले.

पण त्या विषाणूचा एक सख्खा भाऊबंद आहे, जो दरवर्षी आपल्या घरांत येतो आणि त्याची बातमी कधीच होत नाही. त्याचं नाव 'आरएसव्ही', म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. नाव अवघड आहे, पण ओळख सोपी आहे. मोठ्यांना तो झाला तर साधी सर्दी होते, चार शिंका येतात, दोन दिवस घसा खवखवतो. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी होऊन जातो, बहुतेकांना कळतही नाही. मात्र दोन-तीन महिन्यांच्या बाळाला तोच विषाणू गाठतो तेव्हा प्रकरण ऑक्सिजनपर्यंत जाऊ शकतं.

२०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं या एका विषाणूमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली होती. आणि शंभरातले सत्त्याण्णव मृत्यू आपल्यासारख्या गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. आजार सगळीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो बाळ वेळेवर दवाखान्यात पोहोचण्यात आणि मुळात त्याला संसर्ग होऊ न देण्यात. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या घरातच ठरतात. म्हणून हा लेख केवळ नव्या आईसाठी नाही, तर घरातल्या दादी-नानी, अब्बू, खाला-फुफी आणि 'बाळ बघायला' येणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

लहान बाळालाच एवढा त्रास का?

बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिका खूपच अरुंद असतात. मोठ्या माणसाच्या नळीला आतून थोडी सूज आली तरी हवा जायला जागा उरते. बाळाच्या नळीला तेवढीच सूज आली तर ती जवळपास बंद होते. त्यात चिकट कफ साचतो. मग प्रत्येक श्वास आत घेण्यासाठी आणि बाहेर सोडण्यासाठी बाळाला पोट, छाती, मान असं सगळं अंग वापरावं लागतं. या आजाराला डॉक्टर 'ब्राँकिओलायटिस' म्हणतात. संसर्ग आणखी खोल गेला तर निमोनिया होतो.

दुसरी गोष्ट नाकाची. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की त्याला दूध ओढता येत नाही, कारण ओढताना श्वास घ्यायचा कुठून? दोन घोट घेतं, सोडतं, रडतं, दमतं. घरातले म्हणतात, 'आज बाळ दूधच घेत नाही, बहुतेक पोट दुखतंय.' दुखणं पोटाचं नसतं, श्वासाचं असतं.

तिसरी गोष्ट ताकदीची. आजाराशी लढणारी प्रतिपिंडं बाळाला आईकडून मिळतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती वारेतून बाळाकडे जातात, जन्मानंतर दुधातून मिळतात. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ही शिदोरी अपुरी मिळते. अपुऱ्या दिवसांची बाळं, जन्मतः कमी वजनाची बाळं आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जन्मजात दोष असलेली बाळं यांना धोका सगळ्यात जास्त. अशा बाळात कधी कधी खोकला नसतोच; मध्येच श्वास थांबणं हेच पहिलं लक्षण असतं.

आरएसव्ही हा काही एकटा नाही. फ्लू, कोरोना, एचएमपीव्ही आणि साध्या सर्दीचे कितीतरी विषाणू याच वाटेने येतात. चांगली बाब ही, की त्या सगळ्यांपासून बचाव करण्याचे मार्ग जवळपास सारखेच आहेत.

विषाणू घरात आणतं कोण?

तान्हं बाळ बाजारात जात नाही, एसटीत बसत नाही. विषाणू त्याच्याकडे चालत येतो, आणि तो आपल्याच माणसांच्या पायांनी येतो.

पहिला रस्ता शाळेचा. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हे रोज पाहतो. जून-जुलैत शाळा सुरू झाल्या, पावसाची झड लागली की वर्गातली कितीतरी मुलं ओल्या दप्तराने आणि वाहत्या नाकाने बसलेली असतात. एका बाकावर तिघं, खिडक्या पावसामुळे बंद. तीच मुलं दुपारी घरी जाऊन धाकट्या भावाच्या पाळण्यात डोकावतात आणि त्याचा मुका घेतात. यात त्यांचा दोष नाही, ते प्रेम आहे. पण घरी आल्यावर आधी साबणाने हात-तोंड धुणं, गणवेश बदलणं आणि सर्दी असेल तर बाळाच्या पायांना हात लावून समाधान मानणं, एवढं सहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं. 'तू बाळाचा चौकीदार आहेस' म्हटलं तर मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

दुसरा रस्ता पाहुण्यांचा. तिसरा परदेशातून येणाऱ्यांचा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला बाप दुबईत, कुवेतमध्ये, मस्कतमध्ये असतो. बाळाचा चेहरा त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेला असतो. सुट्टी मिळते, तो विमानाने मुंबईला आणि तिथून रात्रीच्या गाडीने गावी येतो, आणि दारात पाऊल टाकताच बाळाला उचलून छातीशी धरतो. त्याला कोण अडवणार? अडवूही नये. फक्त आधी आंघोळ, कपडे बदल आणि घसा खवखवत असेल, नाक गळत असेल तर बरं वाटेपर्यंत तोंडाला मास्क. आठ महिने वाट पाहिलेल्या बापाला अर्धा तास अवघड नाही.

विषाणू पसरतो कसा, तेही समजून घेऊ. खोकला-शिंकेच्या तुषारांतून तो थेट बाळाच्या नाका-डोळ्यांत जातो. आणि हातांवरून जातो. आरएसव्ही खेळणं, पाळण्याची दांडी, दाराची कडी, मोबाइल अशा टणक वस्तूंवर काही तास टिकू शकतो. म्हणजे शिंकलेला माणूस निघून गेल्यावरही त्याने ठेवलेला विषाणू तिथेच असतो. आजारी माणूस साधारण तीन ते आठ दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो, आणि लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनही.

चाळीस दिवस: परंपरा आपलीच, ती नीट पाळूया

आपल्याकडे बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळतात. आई आणि बाळ घरात राहतात, बाहेर पडत नाहीत. प्रथा चांगलीच आहे. पण जरा विचार करा: आपण आई-बाळाला बाहेर जाऊ देत नाही आणि सगळ्या मोहल्ल्याला मात्र आत घेतो. छटीला, अकीक्याला, मग रोज संध्याकाळी कोणी ना कोणी. एका खोलीत पंधरा बायका, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. मग त्या चाळीस दिवसांचा उपयोग काय राहिला?

काही गोष्टी बदलल्या तर कोणतीही सुन्नत सुटत नाही.

*अजान.* बाळाच्या कानात अजान देणारा माणूस सर्दी-खोकला नसलेला असावा. घरात आजोबा खोकत असतील तर तो मान दुसऱ्या कोणाला द्यावा किंवा आजोबांनी मास्क लावून थोडं अंतर ठेवून अजान द्यावी.

*तहनीक.* खजूर चावून बाळाच्या टाळूला लावणं ही आपली जुनी सुन्नत. पण चावणाऱ्याच्या लाळेतून सर्दीचे आणि इतरही विषाणू बाळाच्या तोंडात जाऊ शकतात. म्हणून ज्याला सर्दी, ताप, तोंडात किंवा ओठांवर फोड आहेत त्याने हे करूच नये. खजूर न चावता स्वच्छ धुऊन कुस्करून, साबणाने धुतलेल्या बोटाने नावापुरता लावण्याबद्दल आपल्या आलिमांना विचारा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा. आणि मध मात्र वर्षाच्या आत बाळाला अजिबात नको. मधातल्या एका जिवाणूमुळे लहान बाळाला स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो.

*अकीका.* सातव्या दिवशी जमलं नाही तर चौदाव्या, एकविसाव्या किंवा त्यानंतरही करता येतो, असं आलिम सांगतात. सातव्या दिवशीच करायचा असेल तर कुर्बानी करा, गोश्त वाटा, दुआ करा. बाळाला मात्र गर्दीत फिरवू नका. दावत बाहेर, बाळ आत.

*लोबान आणि धुरी.* बाळाला न्हाऊ घातल्यावर लोबानाची धुरी देणं, शेगडीवर शेकणं कितीतरी घरांत चालतं. धुराने बाळाच्या श्वासनलिकांना सूज येते आणि त्या सुजेत विषाणूचं फावतं. लोबान, अगरबत्ती, डासांची कॉइल, चुलीचा धूर, बिडी-सिगारेट, सगळ्यांचा परिणाम सारखाच. बाळाला ऊब हवी, धूर नको. ऊब आईच्या अंगाची सगळ्यात चांगली. डासांसाठी मच्छरदाणी लावा. सिगारेट ओढणाऱ्याने अंगणात जाऊन ओढली तरी कपड्यांना धूर चिकटतो. बाळाला घेण्यापूर्वी शर्ट बदलावा, हात-तोंड धुवावं. सोडली तर अधिक बरं.

आजाऱ्याने निरोग्यापासून दूर राहावं, साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, शिंकताना तोंड झाकावं, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. साथीच्या काळात अंतर ठेवणं ही काही डॉक्टरांनी बाहेरून आणलेली गोष्ट नाही. मग बाळाच्या खोलीच्या दारात तीच शिकवण आपण का विसरतो?

'नाही' कोणी म्हणायचं?

खरी अडचण इथे आहे. पंचवीस वर्षांची नवी आई, पहिलं बाळंतपण, माहेरी किंवा सासरी. शेजारच्या चाची खोकत खोकत आल्या आणि बाळाला उचलून मुका घेऊ लागल्या. त्या मुलीला सगळं कळत असतं, पण ती बोलू शकत नाही. बोलली तर 'बघा, हिचंच बाळ काय वेगळं आहे', 'आम्ही सहा-सहा पोरं वाढवली' हे ऐकावं लागतं.

म्हणून हे काम तिच्यावर टाकू नका. घरातल्या मोठ्या बाईने, म्हणजे सासूने, नानीने हे बोलावं. तिचा शब्द कोणी मोडत नाही. आणि बोलायला फार काही लागत नाही: 'डॉक्टरांनी चाळीस दिवस कोणाला बाळ हातात द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, तुम्ही दुआ करा.' एवढं म्हटलं की कोणाचा मान दुखावत नाही. पुरुषांनीही मशिदीतून परत येताना मित्रांना थेट घरात न आणता, खुशखबरीचे पेढे बाहेरच वाटावेत.

आणि पाहुण्यांनी काय करावं? घरी कोणाला सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये, फोन करावा. गेल्यावर आधी साबणाने हात धुवावेत. 'आत्ताच वुजू करून आलो' हे पुरेसं नाही. वुजूने पाकी येते, पण विषाणू निघायला साबण लागतो, आणि वीस सेकंद चोळणं लागतं. बाळाच्या तोंडाचा, हातांचा मुका घेऊ नये, कारण बाळ तोच हात तोंडात घालतं. दहा मिनिटं बसून उठावं. जाताना लहान मुलांना सोबत नेऊ नये. बाळासाठी कपडे नेण्यापेक्षा बाळंतिणीसाठी एक वेळचं जेवण करून नेलं तर ती अधिक दुआ देईल.

आईचं दूध: पहिलं औषध

बाळंतपणानंतरचं पहिलं पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. काही घरांत ते अजूनही 'खराब' म्हणून पिळून टाकतात. त्यात आजाराशी लढणारी प्रतिपिंडं सगळ्यात जास्त असतात. त्याचा थेंबही वाया घालवू नये. पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावं. सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं. पाणी, साखरपाणी, बाळगुटी काहीही नाही. पुढे वरचं अन्न सुरू करून दूधही चालू ठेवावं. कुरआनात सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षांच्या स्तनपानाचा उल्लेख आहे, तो आपण सगळेच जाणतो.

आईलाच सर्दी झाली तर? दूध बंद करू नये. आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. आईने मास्क लावावा, हात धुवावेत आणि पाजत राहावं. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालावं. यालाच 'कांगारू मातृ सेवा' म्हणतात. याने बाळाचं तापमान टिकतं, दूध वाढतं, वजन वाढतं. अब्बूही हे करू शकतात.

एक मिनिट श्वास मोजा: गडचिरोलीचा धडा

आपल्याच महाराष्ट्राने या बाबतीत जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना निमोनिया ओळखायला शिकवलं. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही. फक्त एक मिनिट बाळाचे श्वास मोजायचे. ज्यांना मोजदाद येत नव्हती त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं उपकरणही तयार केलं. गरज असलेल्या मुलांना गावातच औषध मिळू लागलं आणि त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे काम १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे ३९ गावांत त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. आज आपल्या दारात आशाताई येतात त्यामागे हाच अनुभव आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळ तपासायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. योगायोग पाहा, आपले चाळीस दिवस आणि सरकारचे बेचाळीस दिवस जवळपास एकच. तेव्हा आशाताईंना दारातून परत पाठवू नका. हात धुऊन आत या म्हणा आणि बाळ उघडून दाखवा.

श्वास मोजायचे कसे? बाळ शांत असताना किंवा झोपेत असताना सदरा वर करा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ही बाळं मध्येच काही सेकंद थांबून मग भरभर श्वास घेतात आणि हिशेब चुकतो.

दोन महिन्यांच्या आत: ६० किंवा जास्त म्हणजे धोका. पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले तर निघा.
दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका

श्वास घेताना बरगड्यांखाली खोल खड्डा पडणं. नाकपुड्या फुलणं. प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणं. दूध ओढणं बंद होणं किंवा नेहमीच्या निम्म्यावर येणं. लघवी कमी होणं. ओठ, जीभ निळसर दिसणं. बाळ सुस्त, लुळं पडणं, जागं न होणं. श्वास मध्येच थांबणं. झटके येणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप (काखेत ९९.५ अंश फॅरनहाइटच्या वर) किंवा उलट अंग थंड पडणं, हेही तितकंच गंभीर. या वयात थंडगार बाळ हे 'ताप नाही' म्हणून खूश होण्याचं कारण नाही.

यातली एक खूण दिसली तरी १०८ वर फोन करा. गरोदर माता आणि बाळांसाठी १०२ ची गाडीही आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे. चिपळूणकडच्यांना कामथे, खेडकडच्यांना कळंबणी आणि दापोलीला उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. आपलं गाव खाडीपलीकडे असेल, घाटात असेल, पावसात रस्ता बंद होत असेल तर कोणाची गाडी सांगायची, कोणत्या रस्त्याने जायचं, पैसे कुठे ठेवलेत, हे बाळ जन्मण्यापूर्वीच ठरवून ठेवा. जाताना बाळाला आईच्या छातीशी धरून न्या.

उशीर का महाग पडतो, हे मेळघाटात दिसलं. तिथे डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेच्या सहभागाने आदिवासी गावांत दोन वर्षांखालच्या मुलांचा आरएसव्हीसाठी अभ्यास झाला. आरएसव्ही होऊन दगावलेली काही मुलं दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, ती घरीच गेली. अशा मृत्यूंची नोंद रुग्णालयाच्या वहीत होत नाही. आपल्या भागातही 'थंडी बाधली', 'नजर लागली' म्हणून मातीआड झालेल्या बाळांत अशी किती असतील, याचा विचार मन हलवून टाकतो. दुआ जरूर करा, दम जरूर करून घ्या, पण गाडीत बसल्यावर करा.

घरी काय करावं, काय करू नये

बाळाला नुसती सर्दी आहे, दूध पितंय, श्वास ठीक आहे, तर घाबरू नका. बहुतेक बाळं आठवडा-दोन आठवड्यांत बरी होतात. मात्र तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास वाढू शकतो, म्हणून त्या दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा श्वास मोजा. थोडं थोडं, पण अनेकदा दूध पाजा. नाक चोंदलं तर औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्यापूर्वी नाकात घाला.

खोकल्याचं सिरप मात्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं पुन्हा बजावलं. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देणं तर मुळीच नको. अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने नको. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. छातीला कापूर, बाम चोळू नये, नाकात तेल सोडू नये. लहान बाळाच्या पोटात कापूर गेला तर विषबाधा होते, आणि नाकातलं तेल थेट फुप्फुसात जातं.

लस आणि नवी औषधं

काही लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि निमोनियापासून वाचवतात. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातली पेंटाव्हॅलेंट लस डांग्या खोकला आणि 'हिब' या जिवाणूपासून रक्षण करते. न्यूमोकोकल लस, म्हणजे पीसीव्ही, सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मिळते. २०२१ पासून ती देशभर मोफत आहे. या लसी विषाणूवरच्या नाहीत, पण विषाणूने दुबळ्या झालेल्या फुप्फुसावर जिवाणू हल्ला करतात, ते त्या रोखतात. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लसही याचसाठी महत्त्वाची, कारण गोवरानंतरचा निमोनिया जीव घेतो. सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून ती गरोदर आईने घ्यायची असते. तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात.

आरएसव्हीवरही आता दोन उपाय आले आहेत. एक, गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात आईला द्यायची लस. दुसरा, 'निरसेविमॅब' नावाचं बाळाला द्यायचं इंजेक्शन. ती लस नसून तयार प्रतिपिंडंच असतात आणि एका इंजेक्शनने साधारण पाच महिने संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सर्व देशांना यांपैकी एक उपाय आणण्याची शिफारस केली. आपल्या मोफत लसीकरणाच्या यादीत हे अजून आलेले नाहीत. घरात अपुऱ्या दिवसांचं किंवा हृदयाचा दोष असलेलं बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारा.

तोवर आपल्या हातात साबण आहे, मास्क आहे, आईचं दूध आहे, मोबाइलवरचं एक मिनिट आहे आणि 'बाळ नंतर बघू' म्हणण्याची समज आहे. जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी पावसाळ्यापूर्वी पाच मिनिटं या विषयावर बोलावं, महिलांच्या इज्तिमात कोणी श्वास मोजून दाखवावा, मोहल्ल्यातल्या आशाताईंना त्यासाठी बोलवावं, अशी आमची विनंती आहे. अल्लाह प्रत्येक घरातलं बाळ सुखरूप ठेवो. आमीन.